अजून पाच हजार टाकले तर

जळगावात कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस गोलाणी मार्केटच्या पायऱ्या एकटा चढत नाही. सोबत एक भाऊ असतो. हा भाऊ सख्खा, चुलत, मावस यांपैकी कोणीही नसतो. त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, एवढ्याच नात्यावर तो आलेला असतो आणि चहाशिवाय काही घेत नाही. असा भाऊ खान्देशात कॉलनीगणिक निघतो. धुळ्याला देवपुरात आहे, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरांत आहे, अमळनेर-चोपड्यालाही असणारच. आमच्या कॉलनीतल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तो रागावणार नाही, बाकीचे रागावतील. म्हणतील, काका, आमचं का नाही टाकलं?

तर आमचा भाऊ. वय तिशीच्या अलीकडे. एमएस-सीआयटीच्या क्लासवर शिकवतो. एक्सेलमधली बेरीज शिकवताना त्याच्या तोंडावर जी मरगळ असते ती, कुणी नुसतं ‘भाऊ, ग्राफिक कार्डचं विचारायचं होतं’ म्हटलं, की जागच्या जागी उतरते. वरच्या खिशात लोहचुंबकी टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर. तो लग्नाच्या पंगतीतही खिशातच असतो. हातात बियाण्याच्या कंपनीनं त्याच्या वडिलांना भेट दिलेली डायरी. ती दोघांत मिळून एकच आहे. सुलट बाजूनं वडिलांचा हिशेब : ठिबक, मजुरी, डीएपी, केळीची कटाई. उलट बाजूनं भाऊच्या याद्या : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, खाली बेरीज. यादीला मथळा असतो. ‘फायनल’, मग ‘फायनल नवी’, मग ‘फायनल पक्की’, आणि शेवटी वैतागून लिहिलेलं ‘हीच’. ‘हीच’च्या पुढेही बरीच पानं भरलेली आहेत.

त्याच्याकडे सल्ला मागायला आलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला. “काय खेळणार?”

आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. पेन्शनची कागदपत्रं पाहायला आणि सुट्टीत पुण्याहून नातू येतो त्याला बसायला म्हणून त्यांना कॉम्प्युटर हवा होता. बजेट चाळीस हजार. काय खेळणार म्हटल्यावर आप्पा जरा लाजले. “पत्ते,” म्हणाले. “एकट्यानं खेळायचे असतात ते.”

“आणि नातू?”

“तो ते मारामारीचं.”

एवढं पुरलं. भाऊनं डायरी उलटी केली. चाळिसात येईल, म्हणाला, पण रॅम आठच बसते. अजून पाच हजार टाकले तर सोळा होते, आणि सोळाची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्यायच्या, दोन वाटांनी डेटा जातो. आप्पांनी मान हलवली. आता रॅम सोळा झाली तर मदरबोर्ड हलका कशाला, अजून पाच हजार. बोर्ड चांगला आला तर त्यावर ग्राफिक कार्ड न बसवणं म्हणजे बोर्डाचा अपमान. कार्ड बसवलं की प्रोसेसर मागे पडतो. इथे भाऊनं आवाज खाली आणून, घरातलं दुखणं सांगावं तसा त्याचा आवडता शब्द उच्चारला : “बॉटलनेक होईल, आप्पा.” आप्पांनी आयुष्यभर सात-बारा लिहिले, बॉटलनेक कधी ऐकलं नव्हतं, पण नातवाला होऊ नये म्हणून त्यांनी प्रोसेसर वाढवला. मग या सगळ्याला वीज पुरवायला बरा एसएमपीएस, हवा खेळायला जाळीचं कॅबिनेट. आणि एवढं सगळं घेऊन साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर पाहणार? पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवणार असेल तर कार्डानं एकशे वीस काढून उपयोग काय? या प्रश्नाला आप्पांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. हीच तर त्याची गंमत आहे. त्याची प्रत्येक पायरी रास्त असते, आणि गच्चीवर पोचल्यावर कळतं की आपण तळमजल्यावर राहायला आलो होतो.

एक लाख अडतीस हजारांना कॉम्प्युटर झाला. नातू सुट्टीत आला आणि दिवसभर मोबाईलवर खेळला. आप्पा मात्र रोज दुपारी 165 हर्ट्‌झवर पत्ते लावतात. पत्ते सरकताना जरासुद्धा अडखळत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय.

भाऊ दुकानात शिरला की काऊंटरमागच्या पोराच्या कपाळावर आठी येते. कारण तो वस्तू पाहत नाही, स्टीकर वाचतो. एकदा मी बरोबर होतो. पोरानं एक स्वस्तातला एसएमपीएस पुढे केला. वर ठळक अक्षरात 450 वॅट. भाऊनं तो आधी हातात तोलला, वर-खाली केला. जड असेल तर आत तांबं आणि पत्रा बरा घातलाय, असा त्याचा हिशेब. नुसत्या वजनावर जाऊ नये, हेही तोच सांगतो, पण तोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. मग उलटा करून बारीक अक्षरांचा तक्ता वाचला. बारा व्होल्टच्या लाईनवर अठरा अँपिअर. “बारा गुणिले अठरा?” त्यानं पोराला विचारलं. पोर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत यानंच सांगितलं, “दोनशे सोळा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही या बाराच्या लाईनवर जगतात. म्हणजे हा दोनशे सोळाचा आहे, वरचा आकडा शोभेचा.” दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती. त्यातल्या एकानं हातातलं कॅबिनेट, ज्याच्यासोबत असाच एसएमपीएस फुकट मिळत होता, हळूच खाली ठेवलं. मालक आतून म्हणाला, “भाऊ, तुम्ही घेणार आहात का, एवढं सांगा आधी.”

पण त्याच मालकाचा रात्री नऊला भाऊला फोन येतो. एक गिऱ्हाईक बसलंय, फार प्रश्न विचारतंय, जरा बोलता का? आणि भाऊ जेवणावरून उठून बोलतो. कमिशन घेत नाही. एकदा मालकानं दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा पाठवला, तर यानं त्याला उलट एक माऊसपॅड विकत मागितला आणि पैसे देऊन आला. मिंधेपण नको, म्हणे, मग खरं बोलता येत नाही.

खान्देशातला गेमिंग कॉम्प्युटर ही बाकीच्या जगापेक्षा वेगळी चीज आहे, असं तो मानतो, आणि इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं आहे. यूट्यूबवरचे परदेशी परीक्षक एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून सांगतात, हा पंखा लावला तर प्रोसेसर सत्तर अंशांवर राहतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पंखा कितीही महागाचा घ्या, तो खोलीतलीच हवा फिरवणार, खोलीपेक्षा थंड काही करणार नाही. म्हणून भाऊ परदेशी आकडा ऐकला की त्यात वीस मिळवतो. डायरीत तसा रकानाच आहे : ‘तिकडे’ आणि ‘आपल्याकडे’. ‘तिकडे’ 72, ‘आपल्याकडे’ 92. रायझनची 7000 मालिका पंचाण्णव अंशांपर्यंत चालायलाच बनवली आहे असं कंपनीनं सांगितलं, तेव्हा सगळीकडचे लोक हबकले होते. भाऊ खूष झाला. म्हणाला, हा आपल्याकडचा प्रोसेसर आहे.

उन्हाळ्यात गवताच्या जाळ्यांचा पाण्याचा कूलर खिडकीत लागतो, त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवावं असा मोह प्रत्येकाला होतो. भाऊ ते अजिबात करू देत नाही. बारीक तुषार उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यानं कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो तो मदरबोर्डवर धरला तर संपलंच. मग दिवाळीच्या पुढेमागे जिनिंग सुरू होतात, त्याचा वेगळा त्रास. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला राहणाऱ्यांच्या कॅबिनेटच्या जाळीवर कापसाचे तंतू येऊन बसतात. भाऊ म्हणतो, हवा आत ओढणारे पंखे तीन आणि बाहेर टाकणारा एक, म्हणजे आत दाब राहतो आणि फटीफटीतून कचरा शिरत नाही. दर पंधरा दिवसांनी तो जाळी काढून दाखवतो. तिच्यावरून एक समई लागेल एवढी वात निघते.

त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणतात. रावेरकडे शेती, केळी आणि कापूस, राहायला जळगावात. बापलेकांचं कधी पटत नाही असं घरातले म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी ओट्यावर बसून दोघांची बोलणी ऐकली आहेत.

भाऊ एकदा नव्या 5090 कार्डाबद्दल सांगत होता. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं, 32 जीबी मेमरी, एकटं कार्ड 575 वॅट खातं. नानांनी सुपारी कातरायची थांबवली. “पाचशे पंच्याहत्तर? म्हनजे पाऊन एचपी झाली की!” हिशेब बिनचूक होता. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. नाना पुढे म्हणाले, “पाऊन एचपीची मोटर लावली तं टाकीत पानी तरी येते.” भाऊनं बराच वेळ उत्तर शोधलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यानं थंड होणाऱ्या कूलरचं निघालं. प्रोसेसरवरून दोन नळ्या निघतात, रेडिएटरला जातात, आतलं पाणी फिरत राहतं. नानांना ही कल्पना पटली, पाणी फिरवणं त्यांचा रोजचाच उद्योग. फक्त एक विचारलं, “नळी उंदरानं कुरतडली तं?” ठिबकच्या नळ्यांचा ज्याला अनुभव आहे त्याला हाच प्रश्न पडणार. भाऊ हसला. पण मी पुढच्या यादीत पाहिलं तर पाण्याचा कूलर जाऊन तिथे जाडजूड हवेचा कूलर आलेला होता.

सॉकेटचं प्रकरण तर नानांना माझ्या आधी कळलं. मला भाऊ तासभर समजावत होता की इंटेल दर दोन-तीन पिढ्यांनी सॉकेट बदलतं, म्हणजे नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्डही नवा. एएमडीचं तसं नाही. रायझन 2017 साली एएम-फोर सॉकेटवर आला आणि पाच वर्षांनी आलेला 5800 एक्स-थ्रीडीही त्याच सॉकेटवर बसला. पाच वर्षांपूर्वीचा बोर्ड तोच, नुसता प्रोसेसर काढून नवा बसवायचा. नाना आतून म्हणाले, “पिलबाग म्हन ना सरळ!” केळीचं पहिलं पीक काढलं की त्याच खोडाशेजारचं पील राखून दुसरं घ्यायचं, रोपांचा आणि लावणीचा खर्च वाचतो. भाऊ थक्क होऊन बापाकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांनाही पिलबागच सांगतो, आणि सावदा-फैजपूरकडच्या पोरांना ते एका वाक्यात कळतं. नाना लावतात जी-नाईन, भाऊ बोलतो आय-नाईन. एवढाच काय तो फरक. त्यातही 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अडखळायला लागले, कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, तेव्हा भाऊ आठवडाभर ‘मी सांगितलं होतं’ म्हणत फिरत होता. त्यानं नक्की कुणाला सांगितलं होतं ते आठवत नाही, पण आम्ही हो म्हणालो.

आता धुळ्याची गोष्ट. भाऊच्या मावशीच्या मुलाला कॉम्प्युटर हवा होता. सामान जळगावात जमवलं, जोडणी आमच्या ओट्यावर झाली. जोडणीच्या वेळी त्याचा सोवळेपणा पाहण्यासारखा असतो. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, मग खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. प्रोसेसर दोन बोटांच्या चिमटीत कडेनं धरायचा, सोन्याचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणासमोर आणायचा आणि सोडायचा. दाबायचा नाही. तो आपसूक बसतो. दांडी खाली ओढताना करकर असा आवाज येतो, त्यावेळी भाऊ डोळे मिटून घेतो. वर्षानुवर्षं जोडतोय, पण तो आवाज त्याला सोसत नाही. मग थर्मल पेस्ट. किती लावायची यावर जगात एकमत नाही. भाऊचं माप हरभऱ्याचा दाणा. नानांनी मागून सुचवलं, “मोठा का लहान? काबुली का देशी?”

कॅबिनेट काचेचं होतं, दोन्ही बाजूंनी. कुरिअरवर विश्वास नाही, म्हणून एसटीनं न्यायचं ठरलं, आणि मला धुळ्याला लग्नाला जायचंच होतं. ग्राफिक कार्ड काढून टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर, कॅबिनेट भाऊच्या मांडीवर. कार्ड जागेवर लटकत ठेवून प्रवास केला तर बोर्डाचा स्लॉट तुटतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. एरंडोलपर्यंत कुणी काही बोललं नाही. एरंडोलला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी काचेतून बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, “मासे कुठंयत?” भाऊ म्हणाला, मासे धुळ्याला टाकायचे आहेत. कंडक्टरनं लगेज फाडलं. पारोळ्याच्या पुढे गतिरोधक आला की भाऊ कॅबिनेट दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा, मागच्या बायकांना वाटलं देव नेतोय.

मावशींच्या घरी शेवभाजीचा वास सुटलेला होता. सगळे जमले. भाऊनं कार्ड बसवलं, आणि खबरदारी म्हणून रॅम काढून पुन्हा नीट बसवली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, लाल-हिरवे-जांभळे. पडदा काळा. एक मिनिट गेलं. मावशी म्हणाल्या, “हाऊ डबा काय करस रे भो?” भाऊ काही बोलला नाही. डीडीआर-फाईव्ह रॅम नव्यानं बसवली की बोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेतो, तेवढा वेळ पडद्यावर काही दिसत नाही, कधी काही मिनिटं जातात. हे त्याला माहीत होतं. तरी कपाळावर घाम होता. काका उठून स्विचकडे निघाले, “बंद करीसन चालू कर ना भो!” भाऊनं त्यांचा हात धरला. मोठ्या माणसाचा हात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा धरला असेल. “काका, पाया पडतो, हात लावू नका, त्याचं आतमध्ये चाललंय.” कुणी नारळ फोडायचं सुचवलं. शेजारची एक बाई दिव्यांकडे बघत म्हणाली, नुसते एवढे दिवे लागले तरी छान दिसतं.

पडदा उजळला तेव्हा शेवभाजीत शेव पार मऊ होऊन गेली होती. भाऊ दोन ताटं जेवला.

इतकं सगळं झाल्यावर साहजिक कुणीही विचारेल, की याच्या स्वतःकडे कोणता कॉम्प्युटर आहे? चौथ्या पिढीचा आय-थ्री. कार्ड 1050 टीआय, 2016 सालचं, चार जीबी, पंचाहत्तर वॅटचं, वेगळी वायरसुद्धा न मागणारं. काऊंटर-स्ट्राईक सगळ्या सेटिंगा कमी करून खेळतो. विंडोज दहाचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अकरा या प्रोसेसरला नियमानं चालत नाही, हे तो क्लासमध्ये फळ्यावर लिहून शिकवतो आणि घरी येऊन दहावरच बसतो.

याचा अर्थ त्यानं काहीच घेतलं नाही असा नव्हे. एसएमपीएस घेतला. पाया आधी घालावा म्हणून. 850 वॅटचा, गोल्ड प्रमाणपत्राचा, दहा वर्षं वॉरंटीचा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते आहे. गोल्डची चाचणी वीस टक्के भारापासून सुरू होते. 850 चे वीस टक्के म्हणजे 170 वॅट. त्याचा हा जुना डबा जीव तोडून खेळला तरी तिथवर पोचत नाही. जगातल्या उत्तम एसएमपीएसपैकी एक आमच्या कॉलनीत आहे, आणि त्याला आजवर कुणी कामाला लावलेलं नाही.

बाकीचं का घेतलं नाही? कारण प्रत्येक वेळी काहीतरी खरोखरच घडलं. सप्टेंबर 2020 मध्ये 30 मालिकेची कार्डं जाहीर झाली, हा तयार होता, आणि बाजारात कार्डच मिळेना. 2021 मध्ये 3060 आलं तेव्हा लोक कार्डांवर इथेरियमची नाणी खणत होते, भाव दुपटीला गेले. भाऊ म्हणाला, थांबू. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमनं खणणं बंद केलं, वापरलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. खाणीतली नको, म्हणाला, राबवलेली असतात. 2023 च्या जूनअखेर 4060 आलं, तर त्यात मेमरी आठच. 2025 मध्ये 5060 आलं, पुन्हा आठच. मग सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी होणार म्हणून अख्खा देश थांबला, हाही थांबला. मॉनिटरवरचा 28 टक्क्यांचा कर 18 झाला खरा, पण तो 32 इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर. याच्या यादीतला 27 इंची, त्यावर आधीपासून अठराच. या सगळ्यांवर कडी म्हणजे जीटीए सहा हा गेम. पाचवा 2013 मध्ये आला, सहावा आला की त्याला शोभेल असा कॉम्प्युटर घ्यायचा. हा सहावा आधी 2025 मध्ये येणार होता, मग मे 2026, मग नोव्हेंबर 2026. आणि जाहीर झाला तेव्हा त्यात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स होते, कॉम्प्युटरचं नावच नव्हतं. ही बातमी सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो मला तेव्हा नीट कळला नाही.

कळला तो नंतर. एका संध्याकाळी नाना बऱ्हाणपूरचा भाव ऐकून खुशीत घरी आले. केळीचं बरं जमलं होतं. माझ्यादेखत त्यांनी लेकासमोर दीड लाख ठेवले. “घे बाबा एकदाचं. त्या यादीतलं सगळं घे. उद्याच जा.”

भाऊचा चेहरा पडला. खरंच पडला. पैशांकडे पाहत तो म्हणाला, “आता नको नाना. रॅम महागलीय.”

खोटं नव्हतं. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. मायक्रॉननं तर आपला ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच आवरायचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. सगळं खरं. भाऊनं ते आकड्यांसकट सांगितलं, डायरी उघडून दाखवलं. सांगता सांगता त्याचा रंग परत आला.

नानांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण नाना म्हणजे दर मे महिन्यात कपाशीच्या बियाण्यासाठी गावात सात घरं विचारणारा माणूस. 475 ग्रॅमचं पाकीट, दुकानातलं कोणतंही घ्या, पण नानांना कुणाच्या बोंडाचं वजन किती भरलं, कुणाचं वाण पावसात टिकलं, हे सगळं विचारून, पाकिटाच्या पाठीवरचं वाचून, चारचौघांत चर्चा करून, घरी येऊन पुन्हा डायरीत लिहायचं असतं. तोवर शेजाऱ्यांची धूळपेरणी उरकलेली असते. नानांनी पैसे उचलले, पिशवीत घातले आणि एवढंच म्हणाले, “बरोबर आहे. चढ्या भावात घेऊ नये. आन्खी थांब.”

मग दोघं डायरी घेऊन बसले. एक इकडून, एक तिकडून.

तेव्हा तुम्हाला कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर आमच्या भाऊला जरूर विचारा. रविवारी सकाळी तो घरीच असतो, वस्तूत फसवणूक होणार नाही ही हमी मी देतो. बजेट मात्र खऱ्याच्या निम्मं सांगा. उरलेलं तो स्वतः वाढवून घेतो.